क्याइ लंगेनची आंघोळ

योग्यकर्ता, २४ जून १९९४

पाकलिक तुगियो,

नमस्कार. काका, पक्षी पोचला. बसच्या कंडक्टरनं पिंजरा वोनोगिरीपासून इथपर्यंत स्वतःच्या मांडीवर आणला. देताना म्हणाला, "ताई, तुमच्या होल्यानं सबंध प्रवासात चोच उघडली नाही. असा शेजारी मला रोज मिळाला तर मी तिकिटाचे पैसे घेणार नाही."

मला मात्र ते ऐकून बरं वाटलं नाही. क्याइ लंगेन आणि गप्प? गावाला तो पहाटे सुरू झाला की कोंबड्यांनाही मान खाली घालून बसावं लागायचं.

म्हणून स्पष्टच विचारते, रागावू नका. हा नक्की आपलाच क्याइ आहे ना?

म्बाह आजोबा त्याला आंघोळ घालायचे ते मी लहानपणापासून बघत आलेय. विड्याची पानं उकळून गार केलेलं पाणी, ते पितळी भांडं, आणि म्बाहचा तळहात. हा त्या तळहातावर आपणहून येऊन बसायचा आणि पंख असे सोडायचा, जसं काही न्हाव्याच्या खुर्चीत बसलाय. आणि हे जे पाखरू तुम्ही पाठवलंय, ते सोबत आलेलं पितळी भांडं नुसतं समोर आणलं तरी पिंजऱ्याच्या काड्यांवर डोकं आपटतं. काल कपाळातून रक्त आलं. हात आत घातला तर एका कोपऱ्यात जाऊन इतकं थरथरतं की मला माझ्याच हाताची लाज वाटते.

पंखांत बारीक उवा झाल्यात. आंघोळ नाही झाली तर हा टिकणार नाही, एवढं मलाही कळतं.

बाबा गेल्यावर मला म्बाहनीच वाढवलं. त्यांच्या घरातलं मला दुसरं काही नको होतं, हे पाखरू सोडून. तुम्ही लगेच "घेऊन जा" म्हणालात. तेव्हा खूप आनंद झाला होता. आता वाटतं, इतक्या लगेच कसे म्हणालात?

बुलिक सारमीला सांगा, काकूच्या हातच्या तेम्पेच्या वड्या बसमध्येच संपल्या असणार, कारण माझ्यापर्यंत नुसती केळीची पानं आली.

तुमची,
वेनिंग


केदुंगसारी, २९ जून

न्दुक वेनिंग,

पोरी, तू शिक्षिका होणार म्हणून तुला कॉलेजात पाठवलं, आणि तू पहिल्याच पत्रात माझी हजेरी घेतलीस. हजर आहे, बाई.

तोच क्याइ आहे. डाव्या पायाचं मागचं नख पांढरट आहे की नाही बघ. म्बाह त्या नखावरूनच त्याला भाग्याचा म्हणायचे. त्याला म्बाहची आठवण येते, दुसरं काही नाही. माणूस गेल्यावर माणसं तरी कुठे धड जेवतात? तुझी बुलिक अजून म्बाहचा चहा करून ठेवते आणि मग मलाच दोन कप प्यावे लागतात.

आता ऐक. हात आत घालायचा नाही. त्याला धरायचा नाही. पिंजऱ्याबाहेर जमिनीवर बस, हात काड्यांजवळ ठेव आणि विसरून जा. पुस्तक वाच. तळहातावर थोडा राळा ठेव, पण त्याच्याकडे बघू नकोस. होला डोळ्याला डोळा देणाऱ्याला भितो. पाण्याचं म्हणशील तर उथळ काहीतरी घे, त्याच्या पोटाला लागेल इतकंच पाणी, आणि सकाळच्या उन्हात ठेवून तू तिथून ऊठ. पाण्यात फुलंबिलं टाकायची नाहीत. लिंबू तर अजिबात नाही.

सोबत माझा एक सदरा पाठवतोय, निळ्या रेघांचा. धुवू नकोस. दाणा घालताना तो घालत जा. हसू नकोस, कारण आहे.

आणि सात ऑगस्टला म्बाहच्या शंभराव्या दिवसाचं जेवण आहे. येताना क्याइला घेऊन ये. तोवर तो हातावर बसायला हवा. लिहीत जा, कुठवर आलं ते.

तुझा पाकलिक


योग्यकर्ता, ८ जुलै

पाकलिक,

तुमचं सगळं ऐकलं. रोज कॉलेजातून आले की तुमचा तो सदरा चढवते. त्याला लवंगेच्या सिगारेटचा इतका वास आहे की घरमालकीणबाई आल्या आणि नाक वर करून म्हणाल्या, "मुलींच्या घरात पुरुष येऊ द्यायचे नाहीत, हा नियम माहीत आहे ना?" मी म्हटलं, पुरुष नाही, पुरुषाचा सदरा आहे. त्या म्हणाल्या, "ते तर आणखी वाईट."

पण गंमत म्हणजे उपाय चालला. पहिले दोन दिवस तो मागच्या दांडीवरून हललाच नाही. मी भिंतीला टेकून नोट्स पाठ करायची आणि हात मेल्यासारखा पडलेला. मग एका दुपारी हाताला गुदगुल्या झाल्या. बघितलं नाही, तुम्ही सांगितलं होतं म्हणून. राळा खाऊन तो गेला तेव्हा माझ्या हाताला घाम फुटला होता. आता रोज खातो. परवा एक पाय बोटावर ठेवून बघितला, तापलेल्या तव्याला हात लावतात तसा, आणि काढून घेतला.

आंघोळ मात्र नाही. पितळी भांडं दिसलं की तोच थयथयाट.

आणि आता माझे प्रश्न. मी रात्री अंथरुणात पडून तुमचं पत्र परत परत वाचते आणि दर वेळी ते मला जास्त विचित्र वाटतं.

पक्षी माझा आहे, तर त्याला तुमच्या वासाची सवय कशाला? शंभराव्या दिवसाच्या आतच तो हातावर बसायला हवा, ही घाई कसली? आणि सगळ्यात मोठं, लिंबाचा विषय कुणी काढला होता? मी पाण्यात लिंबू पिळते असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. फुलंही नाही.

मी इथल्या पक्षीबाजारात गेले होते. एक फेरी मारली तर आपल्या क्याइसारखे पन्नास होले. तिथं एकानं मला हसत हसत सांगितलं की काही लबाड लोक साध्या होल्याची नखं, मानेवरची पिसं रंगवून भाग्याचा म्हणून विकतात, आणि रंग उडवून बघायचा तर लिंबू लावायचं.

कळलं ना मी काय म्हणतेय? खरा क्याइ कुणाला तरी दिलात. बाजारातून दुसरा आणलात, एक नख पांढरं केलंत आणि मला पाठवलंत. म्हणून लिंबू नको. म्हणून तो गात नाही. म्हणून त्याला म्बाहचं भांडं ओळखू येत नाही. आता हा शिकला की कदाचित तोही परत न्याल.

मी सात ऑगस्टला येतेय. पक्ष्यासकट. आणि जेवायला बसलेल्या सगळ्यांसमोर एक लिंबू मागणार आहे.

वेनिंग


केदुंगसारी, १३ जुलै

वेनिंग,

तू मला चोर म्हणालीस. पत्र तुझ्या बुलिकनं आधी वाचलं, मग मला दिलं आणि म्हणाली, "घ्या, तुमची पुतणी मोठी झाली." तिला हसायला येत होतं की रडायला, मला समजलं नाही.

तो क्याइच आहे. माझ्या आईची शपथ. लिंबू मागू नकोस. सगळ्यांसमोर तर मागूच नकोस.

घाई का, ते सांगतो, म्हणजे तुझ्या डोक्यातला बाजार उठेल. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तू परीक्षेमुळे नव्हतीस. तुझा थोरला काका, पाकदे पद्मो, आला होता, मोटारीतून, दारातच हॉर्न वाजवत. जेवण झाल्यावर म्हणाला, "तुगियो, घराण्याची कट्यार माझ्याकडे यायला हवी. माझे वडील म्बाहचे थोरले भाऊ." मी म्हटलं, थोरले होते पण म्बाहच्या पायाशी मी बसलोय, इतकी वर्षं. वाद वाढला. तेव्हा पद्मोच म्हणाला, "भांडायचं कशाला? क्याइ ज्याच्या हातावर बसेल त्याच्या घरी कट्यार जाईल. म्बाहच्या मनातलं त्या पाखराइतकं कुणाला माहीत आहे?" सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. शंभरावा दिवस ठरला. मीही मान डोलावली, कारण तेव्हा क्याइ माझ्या हातावर येत होता. पद्मोला हे माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं की तो फक्त म्बाहकडेच जातो, आणि आता कुणाकडेच जाणार नाही, म्हणजे थोरल्याचा मुलगा म्हणून कट्यार त्यालाच मिळेल.

म्हणून सदरा. झालं समाधान? कट्यार या घरातून जाऊ नये एवढंच मला हवंय. त्यात चोरी कसली? पक्षी तुझाच राहील.

सदरा घालत राहा.

पाकलिक


योग्यकर्ता, २२ जुलै

पाकलिक,

नाही झालं समाधान.

तुम्ही लिहिलंत, "तेव्हा क्याइ माझ्या हातावर येत होता." मी त्या 'तेव्हा'खाली पेन्सिलीनं रेघ मारली. म्हणजे मग येईनासा झाला. मधे काहीतरी झालं. म्बाह तर त्याच्या कितीतरी आधी गेले होते, त्यामुळे आठवणीचं कारण मला सांगू नका.

काय झालं ते मला परवा कळलं, आणि तेही अपघातानं.

घरमालकीणबाई दर गुरुवारी नवऱ्याच्या कबरीवर जातात. त्यांनी बाजारातून गुलाबाच्या पाकळ्या आणल्या, लाल-पांढऱ्या, थोडी जाई, आणि परडी व्हरांड्यात ठेवली, पिंजऱ्याच्या शेजारी. मी खोलीत होते. एकदम असा आवाज झाला की मला वाटलं मांजर आलं. धावत आले तर क्याइ काड्यांवर आदळत होता. जवळ पाणी नव्हतं. भांडं नव्हतं. कुणाचा हात नव्हता. नुसती ती पाकळ्यांची परडी.

मी परडी उचलून आत नेली. तो शांत झाला. मग मी एक वाईट गोष्ट केली. स्वयंपाकघरातून लिंबू आणलं आणि लांब, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला कापलं. वास गेला की माझ्या हातातलं दिसलं कोण जाणे, पण तो दांडीवर पिसं आवळून काडीसारखा बारीक झाला. मी लिंबू भिंतीपलीकडे फेकून दिलं आणि त्याची माफी मागितली, मोठ्यानं. बाईंनी खिडकीतून बघितलं. त्यांचं माझ्याबद्दलचं मत आता फार खाली गेलंय.

फुलं, लिंबू, पितळी भांडं. पाकलिक, हे तिन्ही एकत्र वर्षातून एकदाच बाहेर येतं. वर्षाच्या पहिल्या, सुरो महिन्यात, मानाच्या वस्तूंच्या आंघोळीला. कट्यारीला लिंबू चोळायचं, मग फुलांच्या पाण्यातून काढायची. भाल्यालाही तसंच. जूनमध्ये सुरो लागला. पहिल्यांदाच म्बाह नव्हते. आंघोळ तुम्ही घातलीत. आणि म्बाहनी मानानं कट्यारीला क्याइ म्हटलं होतं, भाल्याला क्याइ म्हटलं होतं, आणि लाडानं, बुलिक रागावली तरी, या एवढ्याशा पाखरालाही क्याइच म्हटलं होतं.

तुम्ही त्यालाही बुडवलंत. त्याच पाण्यात. लिंबाच्या. डोळ्यांसकट.

मी चुकत असेन तर लिहा. मला वाटत नाही मी चुकतेय.

एक सांगते. हे लक्षात आल्यावर मी आधी रडले, आणि रडताना बरं वाटलं. कारण बाजारातल्या पक्ष्याला कुणी सुरोची आंघोळ घालत नाही. म्हणजे हा माझा क्याइ आहे.

पितळी भांडं मी पेटीत टाकलं. काल लाल प्लॅस्टिकच्या बशीत पाणी ठेवून खोलीत गेले, दार किलकिलं ठेवून. बराच वेळ बशीभोवती फिरला. मग चोच. मग छाती. मग एकदम बसला त्यात आणि असे पंख झोडले की व्हरांड्यात पसरलेल्या माझ्या नोट्स ओल्या झाल्या.

तुमचा सदरा काढून ठेवलाय. मी माझ्या कपड्यांत बसते. दोन दिवस लांब राहिला, मग आला.

वेनिंग


केदुंगसारी, २७ जुलै

वेनिंग,

हो.

म्हाताऱ्याशिवायचा पहिला सुरो होता. माझ्या हातून काही राहायला नको, पद्मोला बोलायला जागा नको, एवढंच डोक्यात होतं. ज्याला ज्याला म्बाहनी क्याइ म्हटलंय ते सगळं पाण्यातून निघालं पाहिजे असं मी धरून बसलो. तुझी बुलिक म्हणाली, "अहो, तो जिवंत आहे." मी म्हटलं, "तू गप्प बस, यातलं तुला कळत नाही." तेव्हापासून ती गप्पच आहे. जेवायला वाढते, पण बोलत नाही. तू मला चोर म्हटलंस ते पत्र आलं त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

तो किंचाळला होता, वेनिंग. होला किंचाळतो हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी जवळ गेलो की रक्त निघेपर्यंत आपटायचा. म्हणून तुला दिला. तू मागितलास म्हणून नाही. हे तुला कळायला हवं.

सातला त्याला आणू नकोस. मी सांगेन, बसचा प्रवास त्याला सोसत नाही. पक्षी नाही तर परीक्षा नाही. कट्यार आहे तिथं राहील. तुला कुणी विचारलं तर तूही एवढंच सांग.

तुगियो


योग्यकर्ता, १२ ऑगस्ट

पाकलिक,

तुम्ही मागच्या दारानं निघून गेलात ते रात्रीपर्यंत आला नाहीत, आणि मला सकाळची बस होती. म्हणून तुम्ही गेल्यानंतरचं लिहिते.

मी क्याइला आणलं म्हणून तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलंत ती मी विसरणार नाही. तुम्ही क्याइला न आणण्याचं कारण दिलं होतंत, पण ते खोटं कारण होतं, आणि आधीची इतकी खोटी कारणं मोजून मी थकले होते. मला बघायचं होतं तुम्ही काय करता. खरं तर माझी खात्री होती की तुम्ही हात पुढे कराल. क्याइ माझ्यामुळे माणसाळलाय, तुमच्या सदऱ्याचा वास त्याला माहीत आहे, कदाचित बसलाही असता. मी तुमच्याकडे बघत होते, त्याच्याकडे नाही.

पाकदे पद्मोंनी सोन्याच्या घड्याळाचा हात पिंजऱ्यात घातला आणि क्याइनं त्यांच्या मनगटावर घाण केली, तिथवर तुम्ही होतात. मग सगळे म्हणाले, "आता तुगियो." आणि तुम्ही हात मागे बांधलेत आणि म्हणालात, "मी याला कट्यारीच्या पाण्यात बुडवलाय. याच्यापुढे हात करायचा मला अधिकार नाही." आणि गेलात.

तेवढ्यात पाकदे पद्मो मनगट पुसत म्हणाले, "ज्याला पाखरू आणि पोलाद यातला फरक कळत नाही, त्याच्या घरी कट्यार ठेवायची?" दोघातिघांना हसू आलं. तेव्हा बुलिक भाताचं ताट खाली ठेवून उभी राहिली. म्हणाली, "पद्मो, इतक्या सुरोंत तू एकदा तरी लिंबं पिळायला आलास? ने कट्यार. मीच बांधून देते. पुढच्या वर्षी हात तुझे चिरतील, मग कळेल ती कशी धुतात." आणि खरंच पिवळ्या कापडात बांधून दिली. त्यांच्या मोटारीपर्यंत स्वतः गेली. परत येऊन मला म्हणाली, "घरातला वारा मोकळा झाला." पण भांडी घासताना तिनं डोळे पुसले, ते मी बघितलं.

तुम्हाला हे कुणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगितलं.

मी तुमच्यावर संशय घेतला त्याची माफी मागणार नाही. तुम्ही घ्यायला लावलात. पण चोर म्हणाले त्याची मागते.

आणि एक. या इकडे एकदा. पिंजऱ्याशी बसा. हात पुढे करू नका, दाणा देऊ नका, त्याच्याकडे बघू नका. फक्त बसा. काही होईल असं मी सांगत नाही.

वेनिंग


केदुंगसारी, ५ सप्टेंबर

न्दुक वेनिंग,

परत पोचलो. बसमध्ये झोपलो आणि दोन गावं पुढे गेलो, चालत मागे आलो. तुझी बुलिक म्हणाली, "उशीर झाला तर मला वाटलं, पाखरानं ठेवून घेतलं." ती आता बोलते. मला जरा जास्तच वाटायला लागलंय.

तुझ्या घरमालकीणबाईंना माझा नमस्कार सांग. मी आलो तेव्हा त्यांनी मला सदऱ्याच्या वासावरून ओळखलं असावं, कारण त्या लगेच खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसल्या आणि उठायचं नाव घेईनात.

मी दोन दिवस तुझ्याकडे बसलो, ते तू बघितलंस. पहिल्या दिवशी त्यानं माझ्याकडे पाठ केली ती केलीच. तू मला धीर देत होतीस, "आपटत नाही, हे काय कमी आहे?" म्हणत. मला ते कमीच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच.

त्या शेवटच्या दुपारी तू माझ्यासाठी गुदेग-भात आणायला कोपऱ्यावर गेलीस. बाई खुर्चीत पेंगल्या होत्या. बशीत तू सकाळी पाणी घातलं होतंस ते तसंच होतं. मी भिंतीकडे बघत बसलो होतो, तू सांगितलंस तसा. आणि मला पाण्याचा आवाज आला.

मी वळलो नाही. आधी थोडासा, मग जोरात. माझ्या मानेवर थेंब आले, कानामागे. मी श्वाससुद्धा दाबून धरला होता. बरंच चाललं. मग थांबलं, आणि तो दांडीवर जाऊन पिसं साफ करायला लागला, तो खसखस आवाज असतो ना, तो.

मग तू आलीस, आणि मी सांगितलं नाही. का ते मला माहीत नाही. तू पिंजऱ्याखालचा कागद ओला बघितलास आणि म्हणालीस, "बशी सांडलेली दिसते." मी म्हटलं, हो.

बशी सांडली नव्हती. तुला खरं वाटणार नाही. वाटावं असं माझ्याजवळ काही नाही, बाईही झोपल्या होत्या. पण मला कुणाला तरी सांगायचं होतं.

तुझा पाकलिक